नागपुरातल्या शाळेत उष्णतेचे प्रयोग: आधी खोलीचं तापमान मोजा

गरम पाणी, थंड पाणी आणि एक थर्मामीटर. एवढ्या सामानात होणारा प्रयोग म्हणून उष्णतेच्या धड्याकडे शाळेत फारसं गांभीर्याने बघितलं जात नाही. प्रयोगवहीत उत्तर आधीच ठरलेलं असतं आणि मुलं आपले आकडे त्या उत्तराकडे ओढत नेतात. हा लेख नव्याने विज्ञान शिकवायला लागलेल्या शिक्षकांसाठी आहे. आठवी ते दहावीच्या ज्या मुलांना हे आकडे स्वतः काढायचे आहेत, त्यांच्यासाठीही आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा. पुस्तकात प्रयोग दोन वस्तूंमध्ये होतो, एक गरम आणि एक थंड. प्रयोगशाळेत मात्र तिसरा भागीदार कायम हजर असतो, तो म्हणजे खोली. तीही उष्णता घेते आणि देते. पुस्तकं ‘खोलीचं तापमान २५ अंश’ असं गृहीत धरतात. नागपुरात जानेवारीच्या सकाळी वर्गात २० अंश असतात, तर एप्रिलच्या दुपारी त्याच वर्गात ४०. एकाच भांड्यातलं ६० अंशांचं पाणी या दोन दिवशी सारखं वागणार नाही. म्हणून वहीच्या पानावर पहिली ओळ ही असू द्या: तारीख, वेळ, खोलीचं तापमान, पंखा चालू की बंद.

सामान

शाळेच्या कपाटात तांब्याचा कॅलरीमीटर, म्हणजे उष्णता मोजायचं भांडं, बहुधा असतोच. लाकडी पेटीत बसवलेला, आत लोकर किंवा कापूस, सोबत तारेची ढवळणी. वर्षानुवर्षं तो काळा पडलेला असतो. चिंच आणि मीठ लावून घासून घ्या, घरची तांब्याची भांडी घासतो तसा. यात दिखाव्याचा भाग नाही. काळवंडलेला पृष्ठभाग प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपाने, जास्त उष्णता बाहेर टाकतो, चकचकीत कमी टाकतो. पेटीतला कापूस ओला किंवा दबलेला असेल तर बदला.

कॅलरीमीटर नसेल तर स्टीलचा पेला चालतो. इतवारीच्या बाजारात भांडी वजनावर मिळतात, तिथून एकाच वजनाचे दोन-तीन पेले घ्या. थर्माकोलचे कप पूर्वी या कामाला उत्तम होते, पण राज्यात २०१८ पासून असल्या एकदाच वापरायच्या वस्तूंवर बंदी आहे. टीव्ही किंवा मिक्सरच्या खोक्यातून निघालेला थर्माकोलचा ठोकळा मात्र पडून असतो. त्यात पेल्याच्या मापाचं भोक कोरलं की चांगलं वेष्टण तयार होतं. वर झाकण हवंच. जाड पुठ्ठ्याचं, थर्मामीटर आणि ढवळणीपुरती दोन भोकं पाडलेलं.

वजनासाठी स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा पुरेसा आहे. लोखंडासाठी हार्डवेअरच्या दुकानातून जाड नट घ्या, साधारण २०० ग्रॅम भरतील एवढे, आणि ते एका मजबूत दोऱ्यात ओवा. एका मोठ्या गोळ्यापेक्षा नटांची माळ बरी. पाण्याला भिडायला पृष्ठभाग जास्त मिळतो आणि तापमान लवकर सारखं होतं.

थर्मामीटर उणे १० ते ११० अंशांचा, लाल द्रवाचा घ्या. पाऱ्याचे जुने थर्मामीटर कपाटात असतील तर मुलांच्या हातात देऊ नका. एखादा फुटलाच तर झाडू मारायचा नाही, कारण पाऱ्याचे थेंब आणखी बारीक होऊन पसरतात. खिडक्या उघडा, मुलांना बाहेर काढा, कागदाच्या कडेने थेंब गोळा करून घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा. तापाचा थर्मामीटर या प्रयोगात कधीही नाही. त्याची पट्टी ४२ अंशांपाशी संपते आणि गरम पाण्यात तो फुटतो. तारेच्या टोकाला सेन्सर असलेले स्वस्त डिजिटल थर्मामीटर चालतात, पण ते दशांश अंश दाखवतात म्हणून तेवढे अचूक असतात असं समजू नका.

थर्मामीटर एकमेकांशी जुळवा

ही पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते, आणि पुढची निम्मी भांडणं इथूनच सुरू होतात. वर्गातले सगळे थर्मामीटर पाण्याच्या एकाच बादलीत, सारखेच खोल, पाच मिनिटं बुडवून ठेवा. पाणी अधूनमधून ढवळा. मग पाण्यातून बाहेर न काढता, नजर द्रवाच्या पातळीशी सरळ ठेवून प्रत्येकाचं वाचन घ्या. एक २७ सांगेल, दुसरा २८, एखादा २९ही.

“सर, हा थर्मामीटर खोटं बोलून राह्यला,” असं कुणीतरी म्हणतंच. तिथेच थांबा आणि विचारा: पाणी एकच, वेळ भरपूर दिला, मग सगळे थर्मामीटर पाण्याच्याच तापमानाला आले असणार ना? मग फरक तापमानात आहे की पट्टीवरच्या खुणांत? औष्णिक समतोल या कल्पनेचं खरं काम इथे दिसतं. थर्मामीटर स्वतःचंच तापमान सांगतो. तो पाण्याशी समतोलात आला म्हणून आपण ते पाण्याचं मानतो. भौतिकशास्त्रात याच गोष्टीला उष्मागतिकीचा शून्यावा नियम म्हणतात: दोन वस्तू तिसरीशी समतोलात असतील तर त्या एकमेकींशीही समतोलात असतात. हा नियम नसता तर थर्मामीटर या वस्तूला काही अर्थच उरला नसता.

प्रत्येक थर्मामीटरवर पट्टी चिकटवून ‘+१’, ‘–१’ अशी दुरुस्ती लिहा. बर्फ घातलेल्या पाण्यात शून्य येतं का तेही बघा. उकळत्या पाण्यात मात्र १०० ची अपेक्षा नको. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच आहे आणि इथे पाणी ९९ अंशांच्या आसपास उकळतं. मुलांनी ९९ वाचलं आणि वहीत १०० लिहिलं, तर त्यांनी बरोबर वाचन पुसून चुकीचं लिहिलं असं समजा.

हाताचा भरवसा किती?

यंत्रांकडे वळण्याआधी दोन मिनिटं द्या. बाकाचा लोखंडी पाय आणि लाकडी फळी, दोन्हीला हात लावायला सांगा. डिसेंबरात सगळे म्हणतील, लोखंड थंड आहे. मग दोन्हीला थर्मामीटर टेकवून वर कापसाचा बोळा बांधा आणि थांबा. वाचन सारखंच येतं. रात्रभर एकाच खोलीत असलेल्या वस्तू खोलीशी समतोलात आलेल्या असतात. लोखंड हातातली उष्णता भराभर ओढून नेतं, लाकूड हळू, आणि आपल्या त्वचेला तो वेग जाणवतो.

हा प्रयोग देशाच्या थंड भागातही होतो, पण नागपूरला त्याचा दुसरा अर्धा भागही पाहता येतो. एप्रिलच्या दुपारी खोली ४० अंशांवर असताना तीच दोन टोकं पुन्हा चाचपा. आता लोखंड लाकडापेक्षा गरम लागतं! त्वचेचं तापमान साधारण ३३-३४ अंश असतं. खोली त्याच्या वर गेली की उष्णता उलट दिशेने, लोखंडाकडून हाताकडे वाहते, आणि तीही लाकडापेक्षा वेगाने. मधल्या दिवसांत, खोली ३३-३४ च्या आसपास असते तेव्हा, दोन्ही जवळजवळ सारखे लागतात. एका वर्षात तिन्ही अवस्था अनुभवलेल्या मुलाला ‘लोखंड थंड असतं’ हे वाक्य पुन्हा म्हणवत नाही.

समतोल डोळ्यांनी बघायचा

मुख्य प्रयोग दोन भांड्यांचा. प्लास्टिकच्या वाडग्यात ३०० ग्रॅम साधं पाणी घ्या. स्टीलच्या पेल्यात ७० अंशांचं १०० ग्रॅम पाणी घेऊन तो पेला वाडग्यात उभा ठेवा. पाणी पाण्यात मिसळता कामा नये. दोन्हीकडे एकेक थर्मामीटर, एकेक ढवळणारा, एक घड्याळवाला आणि एक लिहिणारा. चार जणांचा गट झाला. दर अर्ध्या मिनिटाला घड्याळवाला ‘वाचा’ म्हणेल आणि दोघं एकाच क्षणी आकडे सांगतील.

सुरू करण्याआधी प्रत्येकाने अंदाज लिहायचा. वाडग्यातलं पाणी २४ अंशांचं असेल तर शेवटी किती होईल? बरीच मुलं ७० आणि २४ ची सरासरी काढून ४७ लिहितात. लिहू द्या, खोडायला लावू नका.

मग आलेख काढा. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर तापमान, दोन्ही रेषा एकाच कागदावर. गरम पाण्याची रेषा आधी घसरगुंडीसारखी खाली येते आणि मग आडवी होत जाते. थंड पाण्याची रेषा सावकाश वर चढते. दहा-पंधरा मिनिटांत दोन्ही ३५ अंशांच्या आसपास जवळजवळ एकमेकींना टेकतात. हिशोबाने ३५.५ यायला हवं. भांड्यांनी आणि हवेने घेतलेली थोडी उष्णता सोडली तर बरोबर तेवढंच.

या आलेखावर थोडा वेळ रेंगाळा. गरम पाणी जवळजवळ ३५ अंशांनी उतरलं आणि थंड पाणी फक्त साडेअकरा अंशांनी चढलं. मुलं विचारतात, “काहून सर, बाकीचे अंश गेले कुठं?” कुठेच गेले नाहीत. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापायला लागते ती उष्णता म्हणजे एक कॅलरी. १०० ग्रॅम पाणी ३४.५ अंशांनी उतरलं म्हणजे ३४५० कॅलरी गेल्या. ३०० ग्रॅम पाणी ११.५ अंशांनी चढलं म्हणजे ३४५० कॅलरी आल्या. अंश सारखे नसतात, कॅलरी सारख्या असतात. उष्णता आणि तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे अठराव्या शतकात स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकने स्पष्ट केलं. त्याच्याकडेही याहून फार वेगळं सामान नव्हतं.

आणखी एक प्रश्न इथेच विचारा. दोन्ही रेषा भेटल्यावर वाचन बंद करायचं का? करू नका, आणखी दहा मिनिटं घ्या. खोली २२ अंशांची असेल तर दोन्ही रेषा हातात हात घालून खाली जायला लागतात. म्हणजे त्यांचा आपसातला समतोल झाला, खोलीशी अजून व्हायचा आहे.

ओतण्याची दिशा

आता सरळ मिसळण्याचा प्रयोग. १०० ग्रॅम पाणी ६० अंशांवर, १०० ग्रॅम २६ अंशांवर. हिशोबाचं उत्तर ४३. पण हा प्रयोग दोनदा करा, दोन दिशांनी.

आधी थंड पाणी पेल्यात घ्या आणि त्यात गरम ओता. ९० ग्रॅमच्या स्टीलच्या पेल्यात तापमान ४२ च्या आसपास थांबतं. मग उलट करा. गरम पाणी पेल्यात ठेवा, पेला पुरता तापू द्या, पाणी बरोबर ६० वर आलं की त्यात थंड ओता. आता काटा ४४ च्या जवळ जातो. पाणी तेच, वजन तेच, तापमानं तीच, तरी दोन अंशांचा फरक.

फरक पेल्याचा आहे. पहिल्या वेळी पेला थंड्याच्या बाजूला होता, त्याने उष्णता घेतली. दुसऱ्या वेळी तो गरमच्या बाजूला होता, त्याने दिली. एक ग्रॅम वस्तू एका अंशाने तापायला जेवढी उष्णता लागते ती तिची विशिष्ट उष्माधारकता. स्टीलची ०.१२ कॅलरी प्रति ग्रॅम प्रति अंश धरली तर ९० ग्रॅमचा पेला जवळजवळ ११ ग्रॅम पाण्याइतका वजनदार भागीदार ठरतो. याला भांड्याचा जलतुल्यांक म्हणतात. पाठ्यपुस्तकात ही गोष्ट सूत्रातल्या एका पदापुरती येते. दोन दिशांनी ओतलं की तेच पद थर्मामीटरवर दिसतं, आणि मग मुलांना ते सूत्रातून गाळावंसं वाटत नाही.

ओतताना धार उंचावरून सोडू नका. गरम पाण्याची पातळ धार हवेतच अंशभर निवते आणि त्यातून वाफ निसटते. भांडं कडेला टेकवून एका दमात ओता, झाकण लावा, ढवळा, आणि थर्मामीटर जिथे स्थिरावतो ते वाचन घ्या.

विस्तवाआधी

पुढच्या प्रयोगात उकळतं पाणी आहे, म्हणून सुरक्षेचं इथेच. ६० अंशांचं पाणी पाचेक सेकंदांत त्वचा भाजतं, उकळतं तर क्षणात. बर्नर किंवा स्पिरिटचा दिवा टेबलाच्या मध्यभागी ठेवा, कडेला नाही. तिवई, तारेची जाळी, वर चंचुपात्र. पात्र उचलायला सांडशी. ओढणी खोचलेली, मोकळे केस बांधलेले, आणि उकळत्या पाण्याच्या टेबलाशी सगळे उभे. बसलेल्या मुलाला मागे सरकता येत नाही, पाणी सांडलं तर थेट मांडीवर येतं.

भाजलं तर लगेच वीस मिनिटं गार पाण्याखाली धरायचं. टूथपेस्ट, हळद, तूप काही नाही. आणि इथे नागपूरची खास काळजी: मार्चनंतर गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारं पाणी दुपारी स्वतःच गरम असतं. भाजलेल्या हाताला ते उपयोगाचं नाही. प्रयोग सुरू होण्याआधी माठातल्या पाण्याची भरलेली बादली, सोबत मगा, टेबलाजवळ आणून ठेवा. मुख्याध्यापकांनी विचारलं तरी ती हलवू देऊ नका.

लोखंडाची विशिष्ट उष्माधारकता

शाळांमध्ये हा प्रयोग सहसा १०० ग्रॅमच्या पितळी गोळ्यावर आणि दीडशे ग्रॅम पाण्यावर करतात. मांडणीतच अपयश आहे. गोळा ९९ अंशांवरून २४ अंशांच्या पाण्यात टाकला की पाणी जेमतेम चार अंश चढतं. थर्मामीटरवर अर्ध्या अंशाची चूक कुणाकडूनही होते. चारात अर्धा म्हणजे उत्तरात आठवा हिस्सा गेला. मुलांच्या हाताला दोष देण्याआधी मांडणी बदला: धातू जास्त, पाणी कमी. फक्त नट पूर्ण बुडतील इतकंच.

१. रिकामा कॅलरीमीटर ढवळणीसकट तोला. समजा ६० ग्रॅम भरला. तांब्याची विशिष्ट उष्माधारकता ०.०९३, म्हणून त्याचा जलतुल्यांक साधारण ५.६ ग्रॅम.

२. त्यात १०० ग्रॅम पाणी घ्या. हे पाणी माठातलं हवं. का, ते खाली येईल. समजा ते २४ अंश आहे आणि खोली ३१.

३. नटांची २०० ग्रॅमची माळ उकळत्या पाण्यात सोडा. ती पात्राच्या तळाला टेकू देऊ नका, दोरा तिवईच्या वरच्या स्टँडला बांधा. उकळी फुटल्यावर निदान दहा मिनिटं ठेवा. थर्मामीटर पाण्यात धरून उकळीचं तापमान वाचा.

४. कॅलरीमीटर बर्नरपासून हातभर लांब ठेवा, मध्ये पुठ्ठ्याचा आडोसा. जवळ असेल तर ज्योतीचं प्रारण त्याला आधीच तापवतं.

५. माळ उचला, एकदा जोरात झटका, आणि दोन-तीन सेकंदांत कॅलरीमीटरमध्ये सोडा. झाकण लावा, ढवळत राहा, सर्वात वरचं वाचन नोंदवा.

झटकण्यात कंजूषी नको. माळेला चिकटून एक ग्रॅम उकळतं पाणी जरी आत गेलं, तरी ते नऊ ग्रॅम लोखंडाइतकी उष्णता घेऊन जातं. पण कापडाने पुसत बसलात तर तेवढ्यात नट निवतात. या दोन चुकांमधून वाट काढणं हीच या प्रयोगातली कारागिरी आहे, आणि ती एकदा कोरडी रंगीत तालीम केल्याशिवाय जमत नाही. थंड माळेवर दोनदा सराव करू द्या.

समजा शेवटचं तापमान ३७ आलं. मग:

पाणी आणि कॅलरीमीटरने घेतलेली उष्णता = १०५.६ × १३ = सुमारे १३७३ कॅलरी
लोखंडाने दिलेली उष्णता = २०० × विशिष्ट उष्माधारकता × ६२

भागाकार केला की ०.११ येतं. लोखंडाचं पुस्तकी मूल्य साधारण तेवढंच आहे. कॅलरीमीटरचे ५.६ ग्रॅम विसरलात तर ०.१०५ येईल. वाचन ३७ ऐवजी ३६.५ घेतलं तर ०.१०६. हे दोन्ही हिशोब मुलांकडून मुद्दाम करून घ्या. कोणती चूक किती महाग पडते हे कळलं की प्रयोग कुठे सांभाळून करायचा तेही कळतं. ज्यूलमध्ये हवं असेल तर ४.१८ ने गुणा.

आता माठाचं. पाणी २४ अंशांवरून सुरू झालं, ३७ वर थांबलं, आणि खोली ३१ ची, म्हणजे जवळजवळ बरोबर मध्ये. पहिल्या टप्प्यात पाणी खोलीपेक्षा थंड असतं, तेव्हा खोली त्याला उष्णता देते. दुसऱ्या टप्प्यात ते खोलीपेक्षा गरम असतं, तेव्हा उष्णता खोलीला जाते. दोन्ही चुका एकमेकींना बऱ्याच अंशी खोडतात. ही युक्ती काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते. थंड देशांत त्यासाठी पाणी मुद्दाम बर्फाने गार करावं लागतं. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये व्हरांड्यातला माठ ते काम फुकटात करतो. म्हणून या प्रयोगाला मी मार्चची सकाळ निवडते. जानेवारीत करायचा असेल तर खोली २० अंशांची, तेव्हा पाणी १४ च्या जवळ आणायला बर्फाचा एखादा खडा लागेल, आणि तो पूर्ण विरघळल्यावरच वजन आणि तापमान घ्यायचं.

पंख्याचा प्रश्न नागपुरात टाळता येत नाही. मार्चमध्ये चाळीस मुलांच्या खोलीत पंखा बंद ठेवा म्हणणं क्रूरपणा होईल. प्रयोगाच्या टेबलावरचा एक पंखा बंद, बाकीचे चालू, आणि टेबलाभोवती तीन बाजूंनी पुठ्ठ्याच्या भिंती, एवढ्याने काम भागतं. कूलरच्या थेट झोतात कॅलरीमीटर कधीच नको.

वहन, अभिसरण, प्रारण

हे तिन्ही प्रयोग पाठ्यपुस्तकात नीट दिलेले आहेत, इथे फक्त हाताशी लागणाऱ्या सूचना.

वहनासाठी तांबं, अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड यांच्या सारख्या जाडीच्या सळयांवर मेणाने टाचण्या चिकटवतात आणि टोक तापवतात. आधी तांब्यावरच्या पडतात, मग अ‍ॅल्युमिनियमवरच्या, शेवटी लोखंडावरच्या. हा प्रयोग हिवाळ्यात उरका. एप्रिलमध्ये मेण आधीच मऊ असतं आणि टाचण्या ज्योत पेटायच्या आत गळतात.

अभिसरणासाठी पात्राच्या तळाशी एका कडेला पोटॅशियम परमँगनेटचा एकच खडा नळीतून सोडा आणि ज्योत नेमकी त्याच्याखाली, लहान ठेवा. दोन खडे टाकले की सगळं पाणी जांभळं होतं आणि प्रवाह दिसत नाही.

प्रारणाला नागपूरचं ऊन म्हणजे पर्वणी. दोन सारखे डबे, एक दिव्याच्या काजळीने काळा केलेला, एक चकचकीत. दोन्हीत सारखं पाणी, झाकणं लावून पंधरा-वीस मिनिटं मैदानात. मग तेच डबे गरम पाणी भरून सावलीत ठेवा. उन्हात काळा आधी तापतो आणि सावलीत काळाच आधी निवतो. दुसरा भाग बहुतेकजण करत नाहीत, आणि तोच मुलांना अधिक चकित करतो. आता घासलेल्या कॅलरीमीटरचं कारणही त्यांना स्वतःच सापडेल.

निवण्याचा आलेख, वर्षातून दोनदा

एका झाकलेल्या पेल्यात २०० ग्रॅम पाणी ७० अंशांवर घ्या आणि दर दोन मिनिटांनी तापमान नोंदवत निदान अर्धा तास बसा. जानेवारीत एकदा, एप्रिलमध्ये सकाळच्या शाळेनंतर एकदा. पेला तोच, जागा तीच. दोन्ही आलेख एकाच कागदावर वेगळ्या रंगांत काढा.

पाणी ६० वर असताना जानेवारीची खोली त्याच्यापेक्षा ४० अंशांनी खाली असते, एप्रिलची फक्त २० अंशांनी. म्हणून त्या क्षणी एप्रिलमध्ये निवण्याचा वेग जवळजवळ निम्मा असतो. निवण्याचा वेग भोवतालाशी असलेल्या फरकावर अवलंबून असतो, हा न्यूटनचा नियम. दोन्ही वक्र शेवटी आपापल्या खोलीच्या रेषेकडे वळतात. जानेवारीचा कागद शिक्षकांनी जपून ठेवायला हवा, कारण एप्रिलपर्यंत मुलांच्या वह्या सापडत नाहीत.

ज्या गटाचं काम लवकर आटोपेल त्यांना माठाकडे पाठवा. माठ दिवसभर खोलीत आहे, मग त्यातलं पाणी खोलीच्या तापमानाला का येत नाही? समतोल का होत नाही? मुलं आधी ‘मातीमुळे’ म्हणतात. तोच माठ बाहेरून तेलकट किंवा रंगवलेला असेल तर पाणी तेवढं गार राहत नाही हे दाखवा. पाझरलेलं पाणी बाहेरच्या पृष्ठभागावरून वाफ होऊन जातं, आणि जाताना अप्रकट उष्मा, म्हणजे तापमान न वाढवता वाफ व्हायला लागणारी उष्णता, घेऊन जातं, एका ग्रॅममागे साधारण ५८० कॅलरी. खोलीतून उष्णता आत येत राहते, बाष्पीभवनाने बाहेर जात राहते, आणि तापमान मध्येच कुठेतरी स्थिरावतं. तापमान स्थिर आहे, पण हा समतोल नाही. उष्णता सतत वाहतेच आहे. जुलैत, हवा दमट असताना, माठ आणि खोलीतला फरक पुन्हा मोजायला सांगा. तो बराच घटलेला असतो. कूलर पावसाळ्यात का कामाचा राहत नाही, याचं उत्तरही त्याच वाचनात आहे.

वहीत काय हवं

आकडे थेट वहीत, पेनने. रफ कागदावर लिहून नंतर ‘चांगल्या’ वहीत उतरवताना ३६.५ चे ३७ होतात. खोलीचं तापमान प्रयोगाआधी आणि नंतर, दोन्ही. थर्मामीटरचा क्रमांक आणि त्याची दुरुस्ती. उत्तर पुस्तकापेक्षा वेगळं आलं तर ‘मानवी चूक’ हे दोन शब्द लिहून सुटका नाही. उष्णता कुठून आली किंवा कुठे गेली ते लिहायचं, आणि त्यामुळे उत्तर वाढायला हवं होतं की घटायला, तेही. माळेसोबत उकळतं पाणी आत आलं असेल तर उत्तर मोठं येतं. माळ हवेत रेंगाळली तर लहान. चुकीची दिशा उत्तराच्या दिशेशी जुळत नसेल तर कारण दुसरंच आहे, पुन्हा शोधा. गुण देताना मी अचूक उत्तरापेक्षा या परिच्छेदाला जास्त देते.

शेवटी आवराआवर. नटांची माळ गरम असतानाच पुसून उन्हात ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी गंजाचं वजन हिशोबात येईल. लाल थर्मामीटर आडवे न ठेवता उभे ठेवा. आडवे ठेवले की द्रवाची रेषा मध्येच तुटते. तुटलीच तर फुगा बर्फ-मिठाच्या मिश्रणात धरा, सगळा द्रव खाली उतरला की रेषा पुन्हा जुळते.